नवे सुपरहिरो आणि अद्भुतरम्य कॉमिक अंक : एकेका अंकाचे परीक्षण

मुठाकाठ

गेल्या काही महिन्यांत कॉमिकांवर मराठीत जे काही वाचायला मिळाले, त्यातील बहुतेक लेखन वाचून संपल्यावर माझ्या पदरात एवढेच पडले, की बॅटमॅन १९३९ साली जन्माला आला, त्याचे आईवडील एका गल्लीत मारले गेले आणि तो गडगंज श्रीमंत आहे. हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. परीक्षकाच्या हातात जो अंक होता त्यात काय घडले, ते चित्रकाराने कसे मांडले आणि पैसे वसूल झाले की नाही, याचा पत्ता शेवटच्या ओळीपर्यंत लागत नाही. म्हणून या मंचावर हा चर्चेचा धागा काढत आहे. येथे एका वेळी एकाच अंकाबद्दल लिहावे, पात्राचा पूर्वेतिहास दोन वाक्यांत आटोपावा आणि लेखकाबरोबर चित्रकार, रंगकार व फुग्यांतील संवाद रेखणारा अक्षरलेखक यांचीही नावे द्यावीत, एवढीच विनंती आहे.

अंक हे परीक्षणाचे एकक का धरावे, हेही सांगतो. अमेरिकी मासिक अंकात कथेची पाने साधारण २० ते २२ असतात आणि छापील किंमत बहुधा ३.९९ किंवा ४.९९ डॉलर असते. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी महाग अंक सव्वाचारशे रुपयांच्या घरात जातो आणि टपालखर्च निराळा. एवढ्या पैशांत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून एखादी जाडजूड कादंबरी घेऊन घरी येता येते. तेव्हा पाव तासात वाचून होणाऱ्या या पानांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

सुरुवात मीच करतो. 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'चा पहिला अंक डीसी या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढला. लेखन स्कॉट स्नायडर, चित्रे निक ड्रगोटा, रंग फ्रँक मार्टिन, अक्षरलेखन क्लेटन काउल्स. येथील ब्रूस वेन श्रीमंत नाही. तो व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे, कष्टकरी वस्तीत वाढलेला आहे, त्याची आई जिवंत आहे आणि शिक्षक असलेले वडील शाळेच्या सहलीत, प्राणिसंग्रहालयात झालेल्या गोळीबारात गेलेले आहेत. आल्फ्रेड येथे घरचा विश्वासू नोकर नसून पाळतीवर पाठवलेला हेर आहे आणि आपण हा नवा बॅटमॅन बऱ्याच अंशी त्याच्या नजरेतून पाहतो.

नायकाचे पैसे काढून घेणे ही कल्पना कोणालाही सुचू शकली असती; अंक तरतो तो चित्रांमुळे. ड्रगोटा पानावर लहान लहान चौकटींची दाटी करतात, बातम्या, चेहरे, हात, यंत्रांचे भाग एकामागून एक आदळत राहतात, आणि वाचकाला जरा गुदमरल्यासारखे होऊ लागताच पान उलटते व समोर एकच प्रचंड आकृती येते. हा बॅटमॅन दारात उभा राहिला तर दार दिसणार नाही इतका रुंद आहे. छातीवरचे वटवाघूळ नेहमीसारखे नाजूक पसरलेल्या पंखांचे नाही. तो काळा, जाड, चौकोनी ठोकळा आहे आणि तो छातीवरून काढला की कुऱ्हाडीचे पाते होतो. ते चिन्ह पाहताच हा माणूस वस्तू विकत घेत नाही, घडवतो, हे संवादाशिवाय कळते. गुंडांच्या टोळीशी होणारी मारामारी मात्र मला लांबलेली वाटली, आणि बालमित्रांची नावे एकदम समोर टाकण्यात थोडी घाई झाली आहे. ती नावे कोणाची आहेत हे येथे सांगत नाही, कारण ओळख पटण्यातच मजा आहे.

परीक्षणासाठी घेतलेला दुसरा अंक म्हणजे मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'चा जानेवारी २०२४ मधील पहिला अंक. लेखन जोनाथन हिकमन, चित्रे मार्को केकेट्टो, रंग मॅथ्यू विल्सन, अक्षरलेखन कोरी पेटिट. पीटर पार्कर येथे दाढी राखलेला, दोन मुलांचा बाप आहे. मेरी जेनशी त्याचा संसार चालू आहे आणि कोळी अजून चावलेलाच नाही. जवळजवळ संपूर्ण अंक माणसे बोलत बसतात. मी तो रात्री जेवणानंतर वाचला आणि अर्ध्या अंकापर्यंत कोणी कोणाला एक चापटही मारली नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आले नाही. पीटरचे बेन काका आणि त्यांचे वर्तमानपत्रातील सहकारी जेमसन यांच्या बोलण्यात वर्तमानपत्र कोणासाठी चालवायचे हा जो विषय निघतो, तो एखाद्या जुन्या दैनिकाच्या कचेरीत शोभावा इतका खरा आहे.

अद्भुतरम्य विभागात 'हेलन ऑफ विंडहॉर्न' (डार्क हॉर्स, २०२४, सहा अंक, लेखन टॉम किंग, चित्रे बिल्किस एव्हली, अक्षरलेखन क्लेटन काउल्स) याच्या पहिल्या अंकाविषयी उद्या सविस्तर लिहीन.

वेताळटेकडी

धाग्याबद्दल आभार. मी आपल्यापेक्षा बराच जुना वाचक आहे आणि माझे सदस्यनाम टेकडीवर रोज फिरायला जातो म्हणून जितके आहे, तितकेच इंद्रजाल कॉमिक्समुळेही आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ च्या मार्चमध्ये ते सुरू केले आणि १९९० मध्ये बंद केले. मराठीतही ते येत असे आणि त्यातील फँटम या मुखवटाधारी नायकाचा 'वेताळ' झाला होता. एकेक अंक सुटा वाचण्याची सवय आमच्या पिढीला त्यानेच लावली. पुढचा भाग मिळेलच याची खात्री नसल्यामुळे हाती आलेला अंक आम्ही पूर्ण मानून वाचत असू.

आपण अक्षरलेखकाचे नाव देण्याचा आग्रह धरलात, त्यावर एक अनुभव सांगतो. मूळ चित्रांतील संवादांचे फुगे इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या मापाने काढलेले असत. त्या लिपीत ओळीच्या वर वेलांटी नाही आणि खाली उकार नाही, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटवून बसवता येतात. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. परिणामी मराठी मजकूर त्याच फुग्यात कोंबला, की कोठे रफार फुग्याच्या कडेला टेकतो, कोठे अनुस्वार वरच्या ओळीतील उकारात अडकतो. लहानपणी मी एका वाक्यातील 'शांत' हा शब्द 'शात' असा वाचून आईला त्याचा अर्थ विचारला होता. तेव्हापासून फुग्यातील अक्षर हा मला चित्राचाच भाग वाटतो. इंग्रजी अंकांचे परीक्षण करणाऱ्यांनी ते सहज दिसते म्हणून गृहीत धरू नये.

तिरकी_रेघ

मुठाकाठ, परीक्षण नेटके आहे, परंतु बॅटमॅनबाबत आपण फार उदार झाला आहात. गरीब बॅटमॅन म्हणून ज्याची दवंडी पिटली गेली, त्याच्याजवळ एवढे पोलाद, एवढी अवजड वाहने आणि ती ठेवण्यासाठी जागा कोठून आली, याचे समाधानकारक उत्तर पहिल्या अंकात मिळत नाही. पैसे नसणे म्हणजे पोशाख साधा असणे नव्हे. पैसे नसणे म्हणजे एखादी गोष्ट करता न येणे, आणि तो क्षण मला त्या अंकात सापडला नाही. नायकाला जे हवे ते मिळतच असेल तर वडिलोपार्जित संपत्ती काढून घेऊन कथेने काय मिळवले?

'अल्टिमेट स्पायडर-मॅन'बद्दल मात्र सहमत आहे. त्या मालिकेत प्रत्येक अंकागणिक कथेतही सुमारे एक महिना पुढे सरकतो, ही गोष्ट आपण नोंदवायला हवी होती, कारण त्यामुळे दोन अंकांमध्ये काय घडून गेले असेल हे वाचकाला स्वतः भरून काढावे लागते. काही अंकांत महत्त्वाची झुंज होऊन गेलेली असते आणि आपल्याला केवळ तिचे पडसाद दिसतात. हे मला आवडते; माझ्या धाकट्या भावाला मात्र त्यामुळे फसवले गेल्यासारखे वाटते.

मुठाकाठ

तिरकी_रेघ, पोलादाचा मुद्दा मान्य करावा लागेल. तो शहराच्या कामांवर असलेला अभियंता आहे, त्यामुळे कोठल्या गोदामात काय पडून आहे आणि कोणत्या पुलाखाली कोणी फिरकत नाही, हे त्याला ठाऊक असणार, अशी मी मनाशी समजूत करून घेतली होती. आपल्याकडेही महापालिकेच्या गोदामांत काय काय वर्षानुवर्षे गंजत पडलेले असते ते आपण पाहतोच. परंतु ही समजूत माझी आहे, अंकाने ती मला दिलेली नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परीक्षणात मी ती उणीव लिहायला हवी होती.

महिन्यागणिक सरकणाऱ्या काळाची नोंद खरोखर राहून गेली.

छापखानावाला

मी नारायण पेठेतील एका छापखान्यात पंचवीस वर्षे काम केले आणि माझा मुलगा ही कॉमिके मागवतो, त्यामुळे ती माझ्याही हाताखालून जातात. कथेतले मला फारसे कळत नाही. वर 'पान उलटते व समोर एकच प्रचंड आकृती येते' असे वाक्य आले आहे, त्यावर दोन शब्द लिहावेसे वाटले.

ही कॉमिके पिन मारून बांधलेली असतात. अशा बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीतच येते, आणि कागद दुमडून ३२ पानांचा अंक करायचा म्हटले की जाहिराती व इतर मजकूर वजा जाता कथेला वीस-बावीस पाने उरतात. वाचकाला धक्का द्यायचा असेल तर तो डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर द्यावा लागतो, कारण उजवे पान डाव्याबरोबरच डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसून गेलेले असते. मध्ये जाहिरात आली की हे सगळे गणित एका पानाने हलते. ज्या अंकात सगळे धक्के नेमक्या जागी पडतात, तेथे लेखकाने नाही तरी कोणीतरी जाहिरातींची पाने मोजलेली असतात.

दुसरे असे की दोन पानांवर पसरलेले चित्र खऱ्या अर्थाने एका सलग कागदावर फक्त अंकाच्या मध्यभागी असते. ३२ पानांत ते १६ आणि १७ या पानांवर येईल. बाकी कोठेही जोडचित्र काढले, तर त्याचे दोन अर्धे दोन निराळ्या कागदांवर छापलेले असतात. आतले कागद दुमडताना जरासे बाहेर सरकतात, कटिंगला कडेचा थोडा भाग जातो, आणि पिनेच्या घडीत आणखी थोडा गिळला जातो. जाणता चित्रकार अशा चित्रात चेहरा किंवा तलवारीचे टोक घडीवर येऊ देत नाही. मुलाकडचे पाच-सहा अंक या दृष्टीने तपासले. एका अंकात उडणाऱ्या नायकाचे नाक बरोबर घडीत गेले आहे. कोणता ते सांगत नाही.

सोनचाफा

छापखानावाला यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी मात्र सगळे टॅबवर वाचते, कारण कोथरूडच्या दोन खोल्यांच्या घरात अंकांची खोकी ठेवायला जागा नाही आणि पावसाळ्यात कसर लागलेल्या पुस्तकांचे काय होते ते मी आजोबांच्या कपाटात पाहिले आहे. पडद्यावर एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय असते. तिच्यामुळे वर सांगितलेला डाव्या पानाचा धक्का नाहीसा होतो, हे खरे आहे. कॉमिक्सॉलॉजी हे कॉमिके वाचण्याचे अ‍ॅप डिसेंबर २०२३ मध्ये किंडलमध्ये विलीन झाल्यापासून माझी जुनी खरेदी शेकडो कादंबऱ्यांच्या गर्दीत मिसळून गेली आहे आणि एखादा विशिष्ट अंक शोधताना मंडईत हरवलेले मूल शोधत असल्यासारखे वाटते.

तरीही काही अंक पडद्यावर उजळून दिसतात. 'अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर' ही २०२५ मध्ये सुरू झालेली मालिका घ्या. लेखन डेनिझ कॅम्प, चित्रे आणि रंग दोन्ही हावियेर रोड्रिगेझ, अक्षरलेखन हसन ओत्समान-एलहाऊ. पहिल्या अंकात बॉम्बस्फोटातून वाचलेला एक तपास अधिकारी घरी परततो आणि त्याला माणसांचे विचार रंगीत धुराच्या रूपात दिसू लागतात. येथे रंग काढून घेतले तर गोष्टच उरत नाही. राग कोणत्या रंगाचा आणि भीती कोणत्या रंगाची याची यादी कोणी वाचून दाखवत नाही. तीन-चार पानांनंतर आपले आपल्यालाच उमगू लागते. बायको आणि नवरा एका खोलीत गप्प उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यांवरचा धूर मात्र भांडतो आहे, अशी रचना शब्दांत सांगायची तर अर्धे पान लागले असते. उणीव सांगायची तर पहिल्या वाचनात कोण बोलते आहे हे काही ठिकाणी कळत नाही. मला ते चालले, कारण नायकालाही कळत नाही.

एक तक्रार मात्र आहे. गेल्या महिन्यात एका मोठ्या वाचकगटावर एका गृहस्थांनी परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत अंकाचा शेवट सांगून टाकला आणि विचारल्यावर 'अंक येऊन आठवडा झाला की' असे उत्तर दिले. अमेरिकेत नवे अंक बुधवारी दुकानात येतात हे खरे, परंतु पुण्यात छापील अंक मागवणाऱ्याच्या हाती तो पडायला अनेकदा महिना लोटतो. अंकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागापलीकडचे कथानक येथे लिहू नये, असा दंडक घालावा का?

मुठाकाठ

दंडक घातला. शेवटाबद्दल बोलायचेच असेल तर परीक्षणाच्या खाली जागा सोडून, आधी इशारा देऊन लिहावे.

आता काल कबूल केलेले. 'हेलन ऑफ विंडहॉर्न' ही गोष्ट एका मुलीची आहे, जिचे वडील तलवारबहाद्दर नायकांच्या लोकप्रिय अद्भुतकथा लिहीत असत. त्यांनी आत्महत्या केल्यावर तिला कधीही न पाहिलेल्या आजोबांच्या अवाढव्य वाड्यात आणले जाते. निवेदन मुलीचे नाही, तिच्या शिक्षिकेचे आहे, आणि ही निवड मला सर्वांत महत्त्वाची वाटली. शिक्षिकेचा सूर बेताचा, काहीसा कोरडा आहे. ती जे पाहते ते लिहिते आणि ज्याचा अर्थ लागत नाही तेथे थांबते. त्यामुळे वाड्याच्या पलीकडे जे काही आहे, त्याची चाहूल लागते तेव्हा आपण तिच्याइतकेच बेसावध असतो.

एव्हली यांच्या रेषेबद्दल किती लिहावे? एका दालनाच्या चित्रात पडद्यांच्या चुण्या, लाकडावरील नक्षी, जिन्याचा कठडा आणि त्यावर टेकलेली अशक्त, रुसलेली मुलगी हे सगळे इतक्या बारीक रेषांत काढलेले आहे, की मी चहा गार होईपर्यंत त्याच पानावर होतो. तरीही गर्दी वाटत नाही, कारण रंग मागच्या वस्तूंना मागे ठेवतात आणि मुलीला पुढे आणतात. चांदोबातील विक्रम-वेताळाची चित्रे ज्यांनी बोट फिरवत पाहिली आहेत, त्यांना या रेषेशी आपले नाते जुळवायला वेळ लागणार नाही. आक्षेप एकच: पहिला अंक प्रस्तावनेत खर्ची पडतो. सहापैकी एका अंकाचे पैसे देऊन ज्याला अद्भुत असे काही पाहायचे आहे, तो उंबरठ्यावरच राहील.

तिरकी_रेघ

म्हणजे शेवटी संकलित आवृत्ती येईपर्यंत थांबावे असेच आपण म्हणत आहात. सहा अंक एकत्र वाचले असते तर हा आक्षेप उरला असता का?

मुठाकाठ

उरला नसता, हे कबूल. परंतु प्रकाशकाने तो सुटा विकला आणि मी सुटा विकत घेतला. मासिकात क्रमशः येणाऱ्या कादंबरीच्या लेखकालाही प्रत्येक हप्त्यात वाचकाला काहीतरी द्यावे लागतेच. शिवाय नव्या मालिकेचे पहिले अंक खपले नाहीत तर पुढचे निघतीलच असे नसते, आणि दुकानदाराला आपली मागणी अंक बाजारात येण्याच्या काही आठवडे आधीच कळवावी लागते. सगळेच थांबले तर संकलन कशाचे करणार?

वेताळटेकडी

या वादात 'दीज सॅव्हेज शोअर्स'चे नाव घ्यावेसे वाटते. पाच अंक, २०१८ ते २०१९, प्रकाशक व्हॉल्ट. लेखन राम व्ही, चित्रे सुमित कुमार, रंग व्हित्तोरिओ आस्तोने, अक्षरलेखन आदित्य बिडीकर. अठराव्या शतकातील मलबार किनाऱ्यावर इंग्लंडातून एक रक्तपिपासू सरदार येऊन उतरतो आणि हा प्रदेश आपल्याहून जुन्या भुतांचा आहे हे त्याला उशिरा कळते. पहिल्याच अंकाच्या शेवटी गोष्ट अशी काही वळते, की दुसरा अंक मागवल्यावाचून राहवत नाही आणि तरीही पहिला अपुरा वाटत नाही. मोठा भाग पत्रांतून उलगडतो, आणि पत्राचा मजकूर चित्रावर ठेवूनही चित्र झाकले जात नाही, हे कौशल्य अक्षरलेखकाचे आहे. अंक नवा नाही, परंतु नव्या अंकांना कोणती फूटपट्टी लावायची हे ठरवताना उपयोगी पडेल.

छापखानावाला

मुठाकाठ, एक विचारू का? 'हेलन'च्या परीक्षणात रंग मुलीला पुढे आणतात असे आपण लिहिले आहे, परंतु रंगकाराचे नाव पहिल्या प्रतिसादातही नाही आणि दुसऱ्यातही नाही. नियम आपलाच आहे.

मुठाकाठ

चूक झाली. मॅथ्यूस लोपेस. वरच्या दोन्ही ठिकाणी नाव घातले असते, परंतु संपादनाची मुदत संपली आहे, म्हणून येथेच नोंदवतो. छापखानावाला, रविवारी सकाळी तो अंक घेऊन आपल्याकडे येतो. त्यातील एक जोडचित्र घडीत किती गिळले गेले आहे ते आपल्या भिंगाखाली पाहायचे आहे. मुखपृष्ठाचा वरचा कोपरा टपालात आधीच दुमडला आहे, तेव्हा मुलाला तेवढे सांगून ठेवा.